पुलावरच्या भोरड्या

१. तोंड नसलेला माणूस

त्या सकाळी आमच्या दुकानात छापाचा जो पहिला नमुना निघाला, त्यातल्या एका माणसाला तोंड नव्हतं.

बाकी सगळं होतं. बांबूची टोपी, गवताचा कोट, पाठीवरचं गाठोडं, सैल झालेली चप्पल ओढून काढणारे हात. टोपीखाली मात्र नुसता कोरा कागद, कुणी ओल्या फडक्यानं पुसावा तसा.

"मालकीणबाई, शाई लागली नसेल," कुमाझो म्हणाला. छापायला तोच बसला होता.

"शाई कमी लागते. डोळे, नाक, तोंड पुसून टाकायला शाईला हात नसतात," मी म्हटलं, आणि ठसा उलटून उजेडात धरला. चेरीच्या लाकडावर एका टोकाला टोपीखालची जागा ओबडधोबड खरवडलेली होती. ताजा, पांढरा घाव.

मी ओतोरा. मासुया नावाचं आमचं चित्रांचं दुकान एदो शहराच्या बाकुरो पेठेत आहे. नवरा गेल्यापासून ते मी चालवते, मुलगा नावापुरता मालक. तो तेव्हा ओसाकाला गेला होता, ते बरंच झालं. घरात असता तर फक्त उसासे टाकले असते. मला जेमतेम वाचता येतं, तेही साधी अक्षरं. पण चित्र विकायला अक्षर लागत नाही, जीभ लागते, आणि ती देवानं मला दोघींची एकटीला दिली आहे.

ते चित्र बैलाच्या वर्षातलं, म्हणजे दोन हिवाळ्यांपूर्वीचं. कापणी झाली की शिनानोच्या डोंगरांतनं माणसं थव्यानं एदोत उतरतात. हिवाळाभर तांदूळ कांडतात, ओझी वाहतात, तिघांचं जेवण एकटे जेवतात, आणि बर्फ वितळलं की परत जातात. शहर त्यांना भोरड्या म्हणतं, थव्यानं येऊन दाणा टिपणाऱ्या त्या पाखरांवरून. चित्रात इताबाशीचा लाकडी पूल, खाली पाणी, बाकी काही नाही, घर नाही की झाड नाही. पुलावरून भोरड्यांची रांग डावीकडे चाललेली, आणि पुलाच्या दोन टोकांना दोन भोरड्या बसून चपला सोडतायत. लोक हसले आणि चित्र खपलं. मग विसरले.

ते परत बाहेर काढायला लावलं पेठेच्या कारभाऱ्यांनी, मागोएमोनसाहेबांनी. वरून नवा हुकूम आला होता: गेल्या काही वर्षांत गावाकडून येऊन शहरात बिऱ्हाड केलेल्यांनी आपापल्या गावी परतावं, शेतं ओस पडली आहेत. सरकारी परवाना घेऊन हंगामापुरतं आलेले सोडून बाकी सगळे. माणसं मोजायला कारभारी घरोघर फिरत होते. त्यांना ते जुनं चित्र हवं होतं, वरच्या बाजूला नवं कवन घालून: पाखरांनो, घराकडे फिरा. पेठेतल्या प्रत्येक सार्वजनिक न्हाणीघराच्या भिंतीवर ते लागणार होतं.

"ज्या चित्रात ते येतायत, त्याच चित्रात त्यांना जा म्हणायचं?" मी तेव्हाच विचारलं होतं.

"ओतोराबाई, चित्र स्वस्तात होतं," कारभारी म्हणाले होते.

आणि आता त्या सरकारी कामाच्या ठशातलं एक तोंड गायब होतं. दुपारी कारभाऱ्यांचा माणूस नमुना न्यायला आला. त्यानं चित्र पाहिलं, कुमाझोकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं.

"हा उजवीकडचा म्हणजे हाच ना? जुन्या चित्रातली ही जाड भिवई अख्ख्या पेठेला ठाऊक आहे."

खरं होतं. उजव्या टोकाचा भोरड्या म्हणजे आमचा कुमाझो. चित्रकारानं त्याला पुलावर बसवून चितारलं होतं, आणि तो चित्रकाराची पेटी उचलून थेट आमच्या दुकानात आला होता, आणि पुढच्या हिवाळ्यातही आमच्याकडेच आला.

"परत पाठवतील म्हणून स्वतःचं तोंड खरवडलंस होय रे? सरकारी ठसा बिघडवलास! उद्या कारभारी स्वतः येतील. तोवर खरा गुन्हेगार मिळाला नाही, तर याला दोर बांधून नेतील."

कुमाझोनं माझ्याकडे पाहिलं. एवढा रेड्यासारखा माणूस, पण चेहऱ्यावर शाळकरी पोराचं भय.

"उद्या ये," मी त्या माणसाला म्हटलं. "आणि येताना पाय धुऊन ये, माझी चटई पांढरी आहे."

२. तिघे आणि एक कलथा

आदल्या दिवशी हुकूम वाचायला कारभारी रस्त्यावर उभे होते, तेव्हा दुकानातली सगळी माणसं समोर ऐकायला गेली होती. मीही गेले होते. मागच्या बाजूला चारच जण राहिले: उखळाशी कुमाझो, कोरायच्या खोलीत म्हातारा गेनपाची, ओसरीवर चित्रकार सानपेई, आणि आत माझ्या नातीला घेऊन ओयोने.

ठसा होता जाड मातीच्या भिंतींच्या कोठीत. कुमाझोनं तो दुसऱ्या दिवसाच्या छपाईसाठी काढून उंबऱ्याशी टेकवून ठेवला होता, आणि दार नुसतं लोटलेलं होतं. कोठीत दिवा न्यायचा नाही हा आमच्या घरचा जुना नियम. आगीची भीती.

पहिला गेनपाची. तो माझ्या सासऱ्यांच्या वेळचा कोरणारा, मला अजून वहिनी म्हणतो. त्यानं ठसा मांडीवर घेतला आणि घावावर अंगठा फिरवला, जखमी कुत्र्याच्या पायावर फिरवावा तसा.

"वहिनी, मला हे कवन आवडलेलं नाही, हे मी लपवत नाही. माझा बापही शिनानोचाच. पण हे काम माझं नव्हे."

"कशावरून?"

"पटाशी तळ सपाट ठेवते. हे बघा, इथं ओरखडे. भाताची खरवड काढतात ना भांड्यातनं, तसलं काहीतरी. आणि आधी चाचपडलंय. टोपीच्या काठावर बारीक बारीक रेघा आहेत, बोटांनी जागा शोधून मग खरवडलंय. आंधळ्यानं केल्यासारखं."

"म्हणजे स्वयंपाकघरातला कलथा."

"मी कलथा म्हटलं नाही. तुम्ही म्हटलात."

स्वयंपाकघरात दिवसभर कोण पडलेलं असतं? कुमाझो. त्याच्या नावावर अजून एक दगड पडला.

मग सानपेई. कधी शुद्धीत असलाच तर चिडका असतो.

"बाई, माझ्या चित्रावर मागोएमोनचं कवन! मला विचारलंय कुणी? ते कवन नाही, भाजीवाल्याची आरोळी आहे!"

"म्हणून तूच खरवडलंस?"

"मी खरवडलं असतं तर कवनाचा ठसा खरवडला असता! तो तिथंच शेजारी होता. त्याला ओरखडा तरी आहे का?"

नव्हता. दारुड्याच्या तोंडून कधी कधी फारच सरळ गोष्ट निघते.

"दुसऱ्या टोकाला कोण आहे रे? डावीकडे?"

त्यानं डोळे चोळले. "कुठला कोण! थव्यातला एक कोवळा पोरगा. मिसरूडही नव्हतं. टोपी काढ म्हटलं तर काढेना, वर चढवली तेवढीच. चहा दिला तर दोन्ही हातांनी वाटी धरली. आणि बसला तरी कसा, गुडघे जुळवून! भोरड्या कुठं अशा बसतात? मी हसलो, त्याला हसू आलं नाही."

शेवटी कुमाझो. तो भातकांडणीच्या कोनाड्यात बसून बार्लीचा भात जेवत होता. भय असो, मरण असो, याची भूक कमी होत नाही.

"कितवा वाडगा?"

"मालकीणबाई, उद्या नेलं तर तिकडं मिळेल-न मिळेल."

"खरं सांग. तुला लपवायचंय काय?"

त्यानं वाडगा खाली ठेवला, कमरेची पिशवी उघडली आणि गावचा परवाना माझ्यासमोर धरला. दर वर्षी येतो तसा याही वर्षी शिक्क्यासकट. "मला कोण परत पाठवणार? मी तर असाही परत जातोच, चेरी फुलली की. आणि ते चित्र माझ्या बायकोनं चुलीवरच्या भिंतीला लावलंय. गावात कुणी आलं की दाखवते, हा बघा आमचा माणूस एदोच्या चित्रात. मी स्वतःचं तोंड कशाला खरवडू?"

मी त्याच्या वाडग्यात अजून एक डाव भात वाढला. याचं कारण मला तेव्हा सांगता आलं नसतं, पण तो खरं बोलत होता.

मग उरलं काय? कुमाझोचं तोंड पुसून कुणाचंच भलं होत नव्हतं. कुणाचंही नाही. तरी ते पुसलेलं होतं.

३. उलटं पुस्तक

चौथ्या माणसाचं नाव मी मुद्दाम शेवटी ठेवलं नाही. मला ते सुचलंच नव्हतं. आपल्या हाताचं बोट संशयित म्हणून कुणी मोजत नाही.

ओयोने आमच्या घरी आली ती माझी सून बाळंतपणात गेली त्या हिवाळ्यात. पोर निळी पडलेली, कुणाचं दूध धरेना. दलालानं तिला आणलं: एदोच्याच कांदा नावाच्या भागात दहा वर्षं राहिलेली, बोलायला थोडी जड, दूध भरपूर. माझ्या नातीनं, ओसुझुनं, पहिल्याच झटक्याला दूध धरलं आणि त्यानंतर दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. मी तिची सख्खी आजी, तरी माझ्या हातचा घास ती थुंकते. मी वाईट वाटून घेत नाही. खोटं कशाला, घेते.

दीड वर्षाची झाली तरी ओसुझु एकच शब्द बोलते. उबा. आमच्याकडे दूधआईला उबा म्हणतात.

त्या संध्याकाळी मी खोलीत गेले तेव्हा ओयोने तिला चित्रांचं पुस्तक दाखवत होती. पुस्तक उलटं धरलेलं. राजपुत्र डोक्यावर उभा, घोडा आभाळात, आणि गोष्ट मात्र जोरात चाललेली. रोज असंच चालायचं. तिला अक्षराचं शेपूट कुठलं आणि डोकं कुठलं तेही ठाऊक नाही.

"अगं, घोडा पडला की!" मी म्हटलं.

"पडू दे, मालकीणबाई. आमच्या गोष्टीतला उडतो," ती म्हणाली. ओसुझु हसली. ओयोने हसली नाही. त्या दिवशी तिनं माझ्याकडे एकदाही सरळ पाहिलं नव्हतं.

मी कोठीत गेले. ठसा परत तिथंच ठेवला होता. कोरणाऱ्यानं आंधळ्याचं काम म्हटलं होतं ते डोक्यात घोळत होतं, म्हणून मी आत बसले आणि दार ओढून घेतलं. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. कुणी बघेल म्हणून दार लावून घेणाऱ्याला इथं बोटांनीच शोधावं लागणार. मी ठसा मांडीवर घेतला. खाली पुलाचे खांब हाताला लागले, म्हणजे खालची बाजू कळली. मग टोपी शोधायची. डावं टोक चाचपलं, टोपी लागली, टोपीखाली घाव.

मी दार उघडलं. उजेडात ठशावर आमच्या दुकानाची खूण होती, मासुया, आणि ती मला वाचता येईना. नवी नवरी होऊन आले तेव्हाही वाचता आली नव्हती, आणि सासूबाई पोट धरून हसल्या होत्या: अगं येडे, लाकडावर सगळं उलटं असतं! चित्राचा कागद लाकडावर पालथा चिकटवून कोरतात, उजवं ते डावं होतं, तेव्हा कुठं छापल्यावर सरळ उमटतं.

मी ठसा पुन्हा मांडीवर घेतला.

छापलेल्या चित्रात कुमाझो उजवीकडे. लाकडावर तो डावीकडे. ज्यानं हे केलं त्यानं अंधारात डावं टोक शोधलं, कारण त्याला चित्रातला डावा माणूस पुसायचा होता. त्यानं चुकीचं तोंड खरवडलं. गेनपाची ही चूक करणार नाही, सानपेई दारूच्या पिंपात बुडवला तरी करणार नाही, कुमाझो छापायला बसतो, तोही नाही. ही चूक तोच करील ज्यानं चित्रं पुष्कळ पाहिली, पण ठसा कधी पाहिला नाही. आणि पाहिला असला तरी त्यावरची अक्षरं उलटी आहेत हे ज्याला कळणार नाही. ज्याला पुस्तकसुद्धा उलटं धरलंय हे कळत नाही.

पण डावीकडे तर पोरगा होता. भोरड्यांत बाई नसते. घाटावरच्या नाक्यावरून परवान्याशिवाय बाईला सोडतच नाहीत.

गुडघे जुळवून बसलेला पोरगा. मिसरूड नसलेला. वाटी दोन्ही हातांनी.

मी ओसुझुच्या खोलीत गेले. तिच्या अंथरुणाशी वारा अडवायला एक बुटका पडदा आहे, आम्ही तो बिघडलेल्या छापांनी मढवला होता. त्यात हे चित्रही होतं, दीड वर्ष माझ्या डोळ्यांसमोर. मी वाकून पाहिलं. सगळे भोरड्या जसेच्या तसे. डावीकडच्या टोकाचं तोंड मात्र घासून घासून पातळ झालेलं, लाळेचे डाग, कागद जवळजवळ भोक पडायला आलेला. एवढ्याशा बोटाच्या मापाचं.

"दाखवायची मी तिला," मागून आवाज आला. "ही कोण, म्हणून. तिला फार आवडायचं."

४. नवऱ्याचा कोट

ओयोने दारात उभी होती. पोर पाठीला बांधलेली, झोपलेली.

"बस," मी म्हटलं. ती बसली, गुडघे जुळवून.

"माझं पोर पाच महिन्यांचं होऊन वारलं, मालकीणबाई. दूध थांबेना. घरात कुट्टूचं पीठसुद्धा उरलं नव्हतं. नवराच म्हणाला, शहरात दुधाला घरं मिळतात. त्यानं त्याचा कोट दिला, टोपी दिली. म्हणाला, थव्यात मधोमध चाल, बोलू नको. नाक्यावर कुणी बघितलं नाही. वसंतात परत ये म्हणाला."

"मग का नाही गेलीस?"

तिनं नुसती मान मागे वळवली, पाठीवरच्या झोपलेल्या डोक्याकडे.

"पहिल्या वसंतात हिला दात येत होते. मग पावसाळ्यात गोवर. दर वेळेला म्हटलं, एवढं झालं की."

"आणि मला कांदा भागातली सांगितलंस!"

"दलालानं सांगितलं. मी मान डोलावली."

मी तिला जे बोलले ते इथं सांगणार नाही. घरात चोरून आलेली, खोटारडी, माझ्या नातीच्या तोंडात खोटं घालणारी, असलं बरंच. बोलता बोलता मीच पोरीचं पांघरूण नीट करत होते. माझ्या हातांना माझ्या जिभेचं काही ऐकायचं नसतं.

"काल ऐकलं, चित्र सगळ्या न्हाणीघरांत लागणार," ती म्हणाली. "न्हाणीघरात तर बायका मला रोज बघतात. टोपी काढलेली बघतात. कलथा घेऊन गेले. अंधार होता. पडद्यावर मी डावीकडे, म्हणून डावीकडे शोधलं. सकाळी कुमाझोदादाचं तोंड गेलेलं पाहिलं. मालकीणबाई, मी उद्या सांगते साहेबांना. तो बिचारा…"

"तू काही सांगणार नाहीस. तू नुसती परत पाठवली जाणार नाहीस, कळतंय का? पुरुषाच्या कोटात नाका ओलांडलास. त्याला सूळ आहे, सूळ! नाक्याचा फलक वाचला असतास तर कळलं असतं."

"वाचता येत नाही," ती म्हणाली.

मी विचार केला. बायकांनी भरलेल्या घरात जन्म गेला माझा, आडून वाट काढायची मला सवय आहे. कुमाझोला सोडवायचं तर गुन्हेगार हवा. म्हातारी, मोतीबिंदूची, पुसापुसी करताना हात घसरलेली मालकीण हा उत्तम गुन्हेगार. गेनपाचीला सांगून खरवडलेल्या जागी नवं लाकूड बसवायचं आणि कुमाझोचं तोंड परत कोरायचं. आणि हात लागलाच आहे तर दुसऱ्या टोकाचंही तोंड काढून तिथं भलत्याच कुणाचं घालायचं, मोठ्या नाकाचं, दाढीवाल्याचं. एकालाही कळणार नाही. पडद्यावरचं ते चित्र मी स्वतः फाडून चुलीत घातलं.

त्या रात्री मी गाढ झोपले. मला वाटलं होतं, मी कोडं सोडवलं.

५. कारभाऱ्यांची प्रत

मागोएमोनसाहेब पाय धुऊन आले. मी चहा दिला, रताळं दिलं, आणि माझा हात कसा घसरला ते सांगितलं.

"तुमचा हात?" ते म्हणाले. "ओतोराबाई, तुमची जीभ घसरते हे अख्ख्या पेठेला माहीत आहे. हात घसरलेला मी पहिल्यांदा ऐकतोय."

"म्हातारपण, साहेब. तुमच्याही दारात येईल."

ते हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांना कुमाझोला बांधून न्यायची हौस नव्हती, काम वेळेवर हवं होतं. "बरं. दुरुस्त होईल?"

गेनपाचीनं मान हलवली. "आजच्या आज. थोडं इकडं, थोडं तिकडं, जुनं झालंय ते सगळंच नीट करतो."

"सगळं नको," साहेब म्हणाले, आणि बाहीतनं घडी केलेला कागद काढून चटईवर पसरला. त्यांच्या घरची प्रत. बैलाच्या वर्षातली, रंग जसेच्या तसे. "हे वरती दाखवून मंजूर केलंय. याच्याशी रेघ न् रेघ जुळली पाहिजे. इथं माझी सही होते, बाई. माझ्यावरही कुणी आहे."

गेनपाचीनं माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही. मी विचार करत होते की चहा सांडावा का. सरळ कागदावर, उकळता. म्हातारीचा हात घसरतो. मी किटली उचललीसुद्धा.

तेवढ्यात आतलं दार सरकलं. ओयोनेनं पोरीला धरून ठेवलं होतं, पण दीड वर्षाचं पोर धरून राहत नाही. ओसुझु धावत आली, कारण चटईवर तिचं चित्र होतं. तिचं हरवलेलं चित्र, जे सकाळपासून पडद्यावर नव्हतं. ती त्यावर बसकण मारून बसली. तिनं बोट ओलं केलं, डाव्या टोकाच्या टोपीखाली ठेवलं, आणि घर दणाणेल अशा आनंदानं ओरडली.

"उबा!"

मग तिनं वळून दाराकडे बोट केलं, साहेबांना कळलं नसेल म्हणून.

"उबा!"

साहेबांनी चित्राकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. पुन्हा चित्राकडे. 

"ही माझ्या नोंदीत कांदा भागातली आहे," ते हळू म्हणाले. "दहा वर्षं."

"साहेब, पोर आहे हो ते! तिला कुत्राही उबा दिसतो…"

"ओतोराबाई." त्यांनी हात वर केला. त्यांचा आवाज अजूनच खाली गेला. "मला एक तोंड दिसलं. ओळखीचं. बैलाच्या वर्षी आलेल्या बाईचं. अशांना गावी पाठवायचा हुकूम आहे, दाखला देऊन, इज्जतीनं. पहिल्या जथ्यात ती जाईल. एवढंच मला दिसलं." त्यांनी बोटानं चित्रातल्या गवती कोटावर, पट्ट्या बांधलेल्या पायांवर टकटक केलं, पण खाली पाहिलं नाही. "आता तुम्ही यावर एक शब्द जरी बोललात, बाई, तर मला वाद घालावा लागेल. वाद घातला की नीट बघावं लागेल. नीट बघितलं तर हा कोटही मला दिसेल."

मी तोंड उघडलं होतं. उत्तरं माझ्याकडे होती, ढीगभर. पेठेतल्या कुणालाही मी आजवर शेवटचा शब्द बोलू दिलेला नाही.

मी तोंड मिटलं.

"कुमाझो सुटला," साहेब उठता उठता म्हणाले. "चहा छान होता."

६. लाकडावरचं चित्र

जथा निघाला तेव्हा चेरी फुलून गळायला लागली होती. कुमाझो तसाही परत चाललाच होता. त्यानं सांगितलं, तिला घाटाच्या पलीकडे तिच्या दारापर्यंत मी सोडीन. मी त्याला भाताचे इतके मुटके बांधून दिले की एकदा तरी तो नको म्हणाला.

निघायच्या आधीचे दिवस ओयोने पोरीला माझ्या हातून खायला शिकवत होती. स्वतः माझ्या मागे बसायची, माझ्या बाह्यांत हात घालून. ओसुझुला वाटायचं हात उबाचेच आहेत. घास खायची. मग हळूहळू ओयोने एक हात काढून घ्यायची.

मी पोरीला पाठीला बांधून इताबाशीपर्यंत गेले. तिथं पुलावर सगळे थांबले, कारण पुढचा रस्ता डोंगराचा, आणि चपला घट्ट बांधायच्या होत्या. कुमाझो एका टोकाला बसला. ओयोने दुसऱ्या टोकाला बसली. तिच्या अंगावर बाईचे कपडे होते, बाहीत शिक्क्याचा दाखला. टोपी तीच.

मी खाली काठावर उभी होते, सानपेई बसला होता त्याच जागी. शहर माझ्या डाव्या हाताला. रांग उजवीकडे चालू लागली.

हे चित्र मी कुठं पाहिलंय, हे मला लगेच कळलं. कागदावर नाही. कागदावर ते येत असतात, डावीकडे, आमच्याकडे. हे लाकडावरचं. कोठीत, अंधारात, आम्ही ठसा कोरला त्या दिवसापासून ते असेच उजवीकडे चाललेले होते. दोन वर्षं मी त्या ठशावर तांदळाच्या गोण्या ठेवल्या.

ओयोनेनं चप्पल बांधली आणि मान वर केली. मी काहीतरी बोलणार असं तिला वाटलं असावं, कारण ती थांबली.  मी ओसुझुला पाठीवरून सोडवून वर उचललं, दिसेल इतकं वर, आणि तसंच धरून ठेवलं.

आता ते चित्र पेठेतल्या सगळ्या न्हाणीघरांत लागलं आहे. रेघ न् रेघ जुळते. कुमाझोला नवं तोंड बसवलं आहे, जुन्यापेक्षा बरं. डावीकडचं तोंड जुनंच आहे, त्याला कुणी हात लावला नाही. मी ओसुझुला रोज न्हायला नेते. भिंतीपाशी आलो की ती बोट ओलं करते, आणि मी तिला उचलून तिथवर पोहोचवते.